एक मिलिमीटरचा पत्रा



बोलायला लागण्याआधी ही पट्टी पुढच्या रांगेत देतो. वीतभर लांबीचे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे, कडा एकमेकींवर चढवलेल्या आणि पाच रिव्हेटांनी पक्क्या केलेल्या. बघा, नख फिरवा, हवा तर चष्मा पुसून बघा आणि मागच्या रांगेत द्या. विमानांच्या तपासनिसांना शिकवताना वापरायची ही जुनी पट्टी आहे. तिच्यात एक चीर आहे. माझं बोलणं संपेपर्यंत कुणाला सापडली तर हात वर करा. नाही सापडली तर मीच सांगेन.

या व्याख्यानमालेत आजवर साहित्यिक आले, इतिहासाचे अभ्यासक आले, एकदा न्यायमूर्तीही येऊन गेले. हँगरमध्ये हात काळे केलेला माणूस बहुधा पहिल्यांदाच. संयोजकांनी विषय विचारला आणि मी ‘विमानाची रचना’ असं सांगितलं, तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो ते सर वर्कशॉपचे सर होते. पहिलं अख्खं सत्र त्यांनी आमच्याकडून एकच काम करून घेतलं. लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा कानशीने घासून चौरस करायचा. गुण्या लावायच्या आधी ते ठोकळ्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. ‘अडलं,’ एवढंच म्हणायचे आणि ठोकळा परत द्यायचे. आम्ही पोरं मागे त्यांना ‘नखवाले सर’ म्हणायचो. हे त्यांना ठाऊक होतं, असं आज त्यांच्या कन्येने मला सांगितलं.

आता विमान. तुम्ही खिडकीशेजारी बसता, डोळा लागतो, डोकं भिंतीला टेकतं. त्या भिंतीत आधी प्लास्टिकचा तक्ता, मग गादीसारखं अस्तर आणि त्याच्या पलीकडे बाहेरचा पत्रा. बोइंग ७३७ सारख्या विमानात हा पत्रा बऱ्याच जागी जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. तुमच्या घरच्या कुकरचं भांडं याहून जाड आहे. बाहेर उणे पन्नास अंशांच्या खाली गेलेली थंडी, हवा इतकी विरळ की मिनिटभरात शुद्ध हरपावी, वेग ताशी आठशे-नऊशे किलोमीटर. आणि मध्ये हा पत्रा. नव्या माणसाला मी हे सांगतो तेव्हा तो घाबरतो. मला उलट वाटतं, की एवढ्याशा पत्र्यावर आपण इतक्या निर्धास्तपणे झोपतो, ते कुणाच्या भरवशावर, हे एकदा नीट बघावं.

सुरुवातीची विमानं आपल्या आकाशकंदिलासारखी होती. कामट्यांचा सांगाडा आणि वरून कागद. भार सगळा कामट्यांवर, कागद नुसता आडोशाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. ते पस मॉथ विमान याच जातीचं. धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचं, पंख लाकडी आणि वर कापड. कापडावर डोप नावाचं रोगण मारलं की ते वाळताना आक्रसतं आणि तबल्याच्या पुडीसारखं ताणून बसतं. अशा विमानाची दुरुस्ती सुतार, लोहार आणि शिंपी मिळून करू शकत.

पण कंदील जोरात ओढला तर कागद फाटतो. वेग वाढला तसं कापड पुरेना. मग एक वेगळा विचार आला. आवरणाला नुसतं आडोशाला का ठेवायचं, त्यालाही भार उचलायला लावू. रॉकेलचा रिकामा डबा आठवा. आत एकही खांब नाही, तरी माणूस त्यावर उभा राहतो. मात्र बाजूने गुडघा लागला की पत्रा ‘टक्क’ करून आत जातो. म्हणून डब्याच्या अंगाला पन्हळी पाडतात. विमानाच्या धडाचं तेच. गोल कडी असतात, त्यांना आम्ही फ्रेम म्हणतो. लांबीच्या दिशेने पट्ट्या असतात, त्या स्ट्रिंगर. या दोघांवर पत्रा रिव्हेटांनी बसवला की तिघं मिळून एक डबा होतो. पत्र्याला इंग्रजीत कातडी म्हणतात, पण आपली कातडी हाडांवर लोंबते. ही तसली नाही. ही स्वतः भार वाहते. म्हणून तिच्यात भोक पडणं ही निव्वळ गळतीची गोष्ट राहत नाही.

पंखाचं सांगायचं तर पालखी डोळ्यांपुढे आणा. पालखी मध्ये, भोई दोन टोकांना. सगळा भार मधोमध लटकलेला, उचलणारे कडेला, म्हणून दांड्याला सगळ्यात जास्त ताण पालखीजवळ. विमानात धड म्हणजे पालखी आणि हवेने उचललेले पंख म्हणजे भोई. पंख धडाला जिथे जोडला जातो तिथे सर्वाधिक ताण. त्या मुख्य दांड्याला स्पार म्हणतात. आता भोयांच्या खांद्यांजवळच थोडं सामान बांधलं तर? वजन तेवढंच, पण मधला ताण कमी. म्हणूनच इंधन पंखांत भरतात, आणि धडाखालच्या मधल्या टाकीतलं आधी वापरून पंखातलं शेवटपर्यंत राखतात. प्रवाशांना वाटतं जागा होती म्हणून तिथे भरलं. जागा होतीच, पण खरं कारण हे.

रिव्हेटपाशी मात्र मी थांबणार आहे, कारण माझी निम्मी हयात त्यात गेली. आमच्या गावाकडे याला ‘रिपीट’ म्हणत. कढईचे कान, बैलगाडीच्या पट्ट्या, सगळीकडे रिपीट. जंबो जेट, म्हणजे बोइंग ७४७, जवळपास साठ लाख सुट्या भागांचं बनतं, आणि त्यांतले निम्मे नुसते जोडायचे खिळे, रिव्हेट आणि बोल्ट. रिव्हेट मारायला दोघं लागतात. एक बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी गन धरतो. दुसरा आत अंग मुडपून बसतो आणि रिव्हेटच्या शेपटीवर पोलादाचा ठोकळा दाबून धरतो. त्याला बकिंग बार म्हणतात. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, आणि त्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. आतल्याने पत्र्यावर एकदा टकटक केलं तर ‘अजून मार’. दोनदा केलं तर ‘बसला’. तीनदा केलं तर ‘बिघडला, काढ’. माझा जोडीदार तीनदा टकटक करायला कधी कचरला नाही. मला त्याचा राग यायचा. आज नाही येत.

आता ही धातूची गंमत ऐका. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, त्याचं विमान होणार नाही. जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाच्या धातुशास्त्रज्ञाने १९०६ च्या सुमाराला त्यात थोडं तांबं आणि जरासं मॅग्नेशियम घालून पाहिलं. तापवून पाण्यात बुडवलं, कठीणपणा मोजला, काही विशेष दिसलं नाही. शनिवार होता, तो घरी गेला, असं सांगतात. सोमवारी येऊन पुन्हा मोजलं तर धातू आपोआप कठीण झालेला. कुणी काही केलं नव्हतं. मिसळलेलं तांबं दोन दिवसांत आतल्या आत सूक्ष्म कणांच्या रूपात जमत गेलं होतं, आणि त्या कणांनी धातूच्या थरांचं घसरणं अडवलं होतं. यातून ड्युरॅल्युमिन निघालं, आणि आजही विमानाचा बहुतेक पत्रा त्याच घराण्याचा आहे.

हँगरमध्ये याचा एक परिणाम असा, की आमच्याकडे रिव्हेट ठेवायला फ्रीज असायचा. विशिष्ट जातीचे रिव्हेट तापवून बुडवले की मऊ असतात, पण खोलीत ठेवले तर तासाभरात हट्टी होतात. मग मारायला गेलं तर फुटतात. गोठणबिंदूच्या खाली ठेवले तर हे कठीण होणं थांबून राहतं. बाहेर काढल्यावर दहा-वीस मिनिटांत मारायचे. डोक्यावर दोन उठावदार रेघा असल्या की तो फ्रीजमधला, मध्ये बारीक खळगा असला की साधा. नवा पोरगा पहिल्या दिवशी तो फ्रीज उघडून आपला डबा आत ठेवायचा आणि शिव्या खायचा. मीही खाल्ल्या.

आता मुख्य गोष्ट. विमान वर चढतं तेव्हा आत हवा भरून ठेवावी लागते, नाहीतर आपण गुदमरू. बाहेरच्या आणि आतल्या दाबात साधारण आठ पौंड प्रति चौरस इंचाचा फरक राहतो. आकडा किरकोळ वाटतो. पण हिशेब केला तर दर चौरस मीटरला साडेपाच टन. प्रवाशांच्या दारावर आतून सात-आठ टनांचा रेटा असतो. म्हणूनच हवेत असताना कुणा माथेफिरूने दार उघडायचा प्रयत्न केला तरी बहुतेक विमानांत ते उघडत नाही, कारण आधी ते आत ओढावं लागतं. प्रत्येक उड्डाणाला धड फुगतं, उतरताना आक्रसतं. मोजता येईल इतकं. लोखंडी तार हाताने तुटत नाही, पण मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते, हे पोरांनाही ठाऊक असतं. धातू थकतो. किती वर्षं झाली यापेक्षा किती वेळा फुगला, याचा हिशेब तो ठेवतो.

हा हिशेब जगाला शिकवला तो कॉमेटने. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचं कॉमेट हे पहिलं प्रवासी जेट विमान. २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला त्याची नियमित सेवा सुरू झाली. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ ला, एक कॉमेट कोलकात्याच्या दमदमहून उडून वादळात सापडलं आणि मोडून पडलं. ४३ माणसं गेली. त्याचा दोष वादळाकडे गेला. मग १० जानेवारी १९५४ ला रोमहून लंडनला निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशात फुटलं. ३५ माणसं. वादळ नव्हतं, काही नव्हतं. विमानं थांबवली, पुष्कळ बारीकसारीक बदल केले, आणि कारण न कळताच २३ मार्चला पुन्हा सोडली. सोळा दिवसांनी, ८ एप्रिलला, दुसरं कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात गेलं. आणखी २१ माणसं. तेव्हा कुठे सगळी कॉमेट जमिनीवर आली.

फार्नबरोच्या संशोधन संस्थेत आर्नॉल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली जे झालं ते माझ्या मते आमच्या धंद्यातलं सगळ्यात देखणं काम. एक अख्खं कॉमेट त्यांनी पाण्याच्या हौदात ठेवलं. पंख हौदाबाहेर काढले, ते जॅक लावून वरखाली हलवायचे. धडात पाणी भरून दाब वाढवायचा, सोडायचा, वाढवायचा, सोडायचा. रात्रंदिवस. पाणी का? हवा दाबली की तिच्यात स्प्रिंगसारखी ताकद साठते, पत्रा फाटला तर बॉम्बसारखा स्फोट होतो आणि पुरावा उडून जातो. पाणी दाबलं जात नाही, चीर पडली की दाब चटकन उतरतो आणि तुकडे जागच्या जागी राहतात. त्या विमानाची आधी १,२२१ खरी उड्डाणं झाली होती. हौदात आणखी १,८३६ झाली आणि पत्रा फाटला. एकूण ३,०५७. फाटण्याची सुरुवात झडपेच्या चौकटीच्या कोपऱ्याजवळच्या एका बारीक भोकापाशी. एल्बाच्या समुद्रातून आरमाराने काढलेल्या अवशेषांतही चीर सापडली, छपरावर रेडिओच्या अँटेनासाठी केलेल्या चौकटीच्या कोपऱ्यात. ‘कॉमेट चौकोनी खिडक्यांमुळे पडलं’ असं सगळीकडे छापून येतं. अगदी खोटं नाही, पण अर्धवट आहे. खिडक्यांचे कोपरे थोडे गोल केलेले होतेच. पत्रा फार पातळ, चौकटींच्या कोपऱ्यांत ताण कल्पनेपेक्षा किती तरी जास्त, आणि रिव्हेटची भोकं ड्रिलने पाडण्याऐवजी ठोकून पाडलेली, म्हणजे कडेला बारीक चिरा जन्मतःच. सगळं एकत्र आलं.

तुम्ही विचाराल, उडवण्याआधी चाचणी केली नव्हती का? केली होती, आणि इथेच मला कसबा पेठेतली तांबट आळी आठवते. लहानपणी आम्ही जवळच राहायचो. तांब्याचा हंडा घडवून झाला की तांबट त्यावर मठारकाम करतात. ठराविक अंतराने हातोडीचे ठोके, त्या खुणा हंड्यावर शोभून दिसतात. पण ते नुसतं शोभेसाठी नसतं. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, हंडा टिकाऊ होतो. आता बघा. कॉमेटच्या धडाच्या एका नमुन्यावर कंपनीने आधी नेहमीच्या दुप्पट दाब देऊन ताकदीची परीक्षा घेतली. तो पास झाला. मग त्याच नमुन्यावर थकव्याची परीक्षा घेतली. तो सोळा हजारांहून अधिक वेळा फुगला आणि मगच फाटला. सगळे निर्धास्त झाले. पण पहिल्या दुप्पट दाबाने कोपऱ्यांतला धातू किंचित ताणला जाऊन बसला होता, आणि दाब उतरल्यावर तो भाग आवळला गेला. आवळलेल्या धातूत चीर सावकाश वाढते. म्हणजे त्या नमुन्याचं नकळत मठारकाम झालं होतं. खऱ्या विमानांचं झालं नव्हतं. त्यांच्या वाट्याला सोळा हजार नव्हे, हजारभर उड्डाणं आली. लबाडी कुणीच केली नव्हती. परीक्षेनेच परीक्षा बिघडवली.

आज आम्ही हीच गोष्ट जाणूनबुजून करतो. विमानाच्या चाकांच्या पायांवर बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग आवळून घेतात, महत्त्वाच्या भोकांतून जाड दांडी ओढून त्यांच्या कडा दाबून घेतात. तांबटांना हे सांगितलं तर ते म्हणतील, मग आम्ही दुसरं काय करतो?

कॉमेटनंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. २८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७. चोवीस हजार फुटांवर पुढच्या भागाचं छप्पर सुमारे अठरा फूट लांबीचं उडून गेलं. प्रवासी उघड्या आकाशाखाली, पट्ट्यांनी बांधलेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, तिचा मृत्यू झाला. बाकीच्यांना घेऊन वैमानिकांनी ते विमान माउई बेटावर उतरवलं. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. बेटाबेटांत अर्ध्या-पाऊण तासाची उडी, म्हणजे तासांच्या मानाने फुगणं फार. वर समुद्राची खारी हवा. कोकणात राहणाऱ्यांना खारी हवा पत्र्याचं काय करते ते वेगळं सांगायला नको. पत्र्याच्या जोडातला चिकटपदार्थ सुटला होता, मग सगळा भार रिव्हेटांवर आला आणि एका ओळीतल्या कितीतरी भोकांपाशी बारीक बारीक चिरा निघाल्या. एकेकटी चीर निरुपद्रवी. सगळ्या एका रेषेत आल्या की टपाल तिकिटांच्या पानासारखं. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ चीर दिसली होती. त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. आपण तरी बोललो असतो का, हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारतो.

माझीच एक गोष्ट सांगतो. उमेदवारीच्या काळात एका हँगरमध्ये मला पत्र्याच्या जोडावरचं जुनं सीलंट काढायचं काम दिलं. ते रबरासारखं चिवट असतं. प्लास्टिकच्या पट्टीने निघेना, पाळी संपत आलेली, म्हणून मी खिशातली पोलादी पट्टी काढली. दहा मिनिटांत काम फत्ते. चार्जहँड, म्हणजे आमचे मुकादम, आले, त्यांनी टॉर्च आडवा धरला. जोडाच्या कडेने केसासारखी एक रेघ चमकली. ते ओरडले नाहीत. माझा हात धरून अंगठ्याचं नख त्या रेघेवरून ओढलं. अडलं. मला एकदम वर्कशॉप आठवलं, ठोकळा आठवला. ‘ही रेघ तू आज काढलीस,’ ते म्हणाले, ‘पुढची विमान काढणार.’ तो पत्रा कापून दुरुस्त करावा लागला. विमान दोन दिवस अडकलं, आणि माझं नाव नोंदवहीत लागलं. पत्र्यावर साध्या शिसपेन्सिलीनेही खूण करायची नाही, हे मी तेव्हापासून कधी विसरलो नाही. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, आणि ओल आली की ग्रॅफाइटशेजारचं ॲल्युमिनियम खात जातं.

दुरुस्तीची चूक किती महागात पडू शकते याचं उदाहरण जपानचं आहे. १९७८ साली ओसाकाला उतरताना एका बोइंग ७४७ ची शेपटी धावपट्टीला घासली. शेपटीत हवेचा दाब अडवणारी घुमटासारखी भिंत असते, ती दुरुस्त केली. जोडपट्टी सलग हवी होती, ती दोन तुकड्यांत बसवली गेली. परिणाम असा, की रिव्हेटांच्या दोन ओळींनी पेलायचा भार एकाच ओळीवर आला. ते विमान पुढे सात वर्षं, बारा हजारांवर उड्डाणं, बिनतक्रार उडालं. १२ ऑगस्ट १९८५ ला भिंत फुटली, आतली हवा शेपटीत घुसली आणि शेपटीचा उभा पंख उडवून घेऊन गेली. जाताना हायड्रॉलिकच्या चारही नळ्या तोडून गेली. ५२४ पैकी चौघं वाचली.

ही हायड्रॉलिकची भानगड थोडक्यात सांगतो. गॅरेजमध्ये एका हाताने मोटार उचलणारा जॅक तुम्ही पाहिला असेल, तेच तत्त्व. मोठ्या विमानाची सुकाणं, चाकं, ब्रेक माणसाच्या हाताने हलत नाहीत. तेलाच्या नळ्यांत साधारण तीन हजार पौंडांचा दाब असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोंच्या वर. मोटारीच्या टायरच्या शंभरपट म्हणा. पेन्सिलीएवढी नळी, पण तिला बारीक भोक पडलं तर जवळ हात न्यायचा नाही. आमचं तेल जांभळ्या रंगाचं असायचं, डोळ्यांत गेलं तर दिवसभर रडवायचं. नळी फुटेल हे धरूनच व्यवस्था तिप्पट-चौपट ठेवतात. एअरबस ३२० मध्ये हिरवी, पिवळी, निळी अशा तीन. सगळी इंजिनं बंद पडली तर पोटाखालून एक लहान पंखा बाहेर पडतो, वाऱ्याने फिरतो आणि निळी चालू ठेवतो. चाकं उतरेनात तर कुलपं हाताने सोडायची, चाकं वजनानेच खाली येतात. पण चार व्यवस्था ठेवून चारही नळ्या एकाच जागेवरून नेल्या, तर त्या चार कसल्या, एकच म्हणायची. जपानच्या विमानाने हे दाखवलं. चार वर्षांनी अमेरिकेत एका डीसी-१० च्या शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटून तिन्ही व्यवस्था गेल्या. वैमानिकांनी नुसत्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ वाचले. त्यानंतर अशा नळ्यांत तेल निसटायला लागलं की आपोआप बंद होणाऱ्या झडपा आल्या.

मोडेल हे धरून चालायचं, तर मोडून बघायलाही हवं. नव्या विमानाचा एक सांगाडा मुद्दाम मारायलाच बांधतात. आयुष्यात जास्तीत जास्त जो भार येईल त्याच्या दीडपट भार त्याच्या पंखांनी तीन सेकंद सोसला पाहिजे. जानेवारी १९९५ मध्ये बोइंग ७७७ चे पंख दोरखंडांनी वर ओढत नेले. सात मीटरहून जास्त वाकले आणि १५४ टक्क्यांवर तोफेसारखा आवाज करून मोडले. त्याचं चित्रण आहे, जरूर बघा. मोडल्यावर तिथले लोक टाळ्या वाजवतात. फेब्रुवारी २००६ मध्ये तुलूझला एअरबस ३८० चा पंख दीडपट व्हायच्या जरा आधीच गेला. काही भाग मजबूत करून आणि गणिताने दाखवून त्यांनी परवानगी मिळवली. कुणाला यात कमीपणा वाटेल. मला तर १५४ पेक्षा हेच काम सुंदर वाटतं. वाजवीपेक्षा मजबूत पंख म्हणजे आयुष्यभर वाहिलेलं फुकटचं वजन.

नव्या विमानांत धातूच मागे पडतोय. बोइंग ७८७ च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन तंतू आणि रेझिनच्या थरांचा आहे. हा पदार्थ धातूसारखा थकत नाही, गंजत नाही, म्हणून त्या विमानात आतला दाबही जास्त ठेवता येतो आणि उतरल्यावर तुमचं डोकं कमी दुखतं. पण आमची पंचाईत वेगळी. सामानाच्या गाडीची धडक बसली तर ॲल्युमिनियमला पोचा पडतो, लपवता येत नाही. कार्बन उसळून पूर्ववत दिसतो आणि आतले थर सुटलेले असतात. त्यासाठी अल्ट्रासाउंड यंत्रं आहेत. तरी पहिली पाहणी अजून नाण्याने होते. पृष्ठभागावर नाणं टकटक करत जायचं. कणखर ‘टण’ येत असला तर ठीक, ‘बद्द’ आला तर खूण करायची. कुंभारवाड्यात माठ घेताना आपली आजी करायची तेच. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे, पण आम्ही ‘माठ बघून ये’ असंच म्हणायचो.

पट्टी परत आली वाटतं. हात कुणाचाच वर नाही. तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलाने बराच वेळ ठेवून घेतली होती, मी बघत होतो. ये, वर ये. डावीकडून मोज. चौथा रिव्हेट. चीर त्याच्या डोक्याखाली आहे, भोकापासून निघून दीड मिलिमीटर गेलेली, डोक्याच्या बाहेर अजून आलेली नाही. म्हणून नखाला लागत नाही. मी स्वतःही ती कधी पाहिलेली नाही. एडी करंटच्या यंत्राची पेन्सिलीसारखी काडी रिव्हेटभोवती फिरवली की पडद्यावरची रेघ त्या एका जागी उडी मारते, ती पाहिली आहे. यंत्र मी बाहेरच्या टेबलावर आणून ठेवलंय. चहा होईपर्यंत ज्यांना बघायचं असेल त्यांनी यावं.